दिव्यावरची खरखर

१

वनमाला परबांच्या घरातून दिवा चोरीला गेला आणि चोराने त्याच जागी अगदी तसाच दुसरा दिवा आणून ठेवला. हे त्यांनी आधी शेजारणीला सांगितलं, मग भावाला, मग पोलीस चौकीत. सगळ्यांनी त्यांना पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. पोरगी जाऊन वर्ष झालं तरी बाई अजून सावरलेली नाही, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

उत्तरा कर्णिक मात्र आली. घाटकोपरला तिची एका खोलीची डिटेक्टिव्ह एजन्सी होती. काम बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांचं. मुलगा खरंच कंपनीत आहे का, मुलीचं आधी कुठे काही होतं का, असलं. शेजारणीच्या मुलीचं स्थळ तिनेच तपासलं होतं, त्या ओळखीने वनमालाबाईंनी फोन केला.

मुलुंड पूर्वेच्या म्हाडा वसाहतीतलं घर. भिंतीवर स्वरदाचा फोटो, त्याला हार. फोटोखाली स्टुलावर तो दिवा. गुडघ्याएवढा उंच, मधे फुगीर, वर निमुळता. खालून पाऊण भाग निळ्या-लाल-पिवळ्या ठिपक्यांचा, आणि वरचा भाग एकदम स्वच्छ, पाण्यासारखा पारदर्शक.

"हे सगळं माझ्या घरातलं प्लास्टिक," वनमालाबाई म्हणाल्या. "जुनी बादली, डब्यांची झाकणं, तिची शाळेची वॉटरबॅग. सगळं गोळा करून घेऊन गेली. म्हणाली, आई, तुला दिवा करून देते. आणि त्याच दिवशी..." त्या थांबल्या. "दिवा मशीनवर पूर्ण होऊन बसला होता, आणि ती खाली पडलेली."

"हा दिवा तो नाही, हे कशावरून?"

वनमालाबाईंनी उत्तराचं बोट धरलं आणि दिव्याच्या अंगावरून फिरवलं, रंग संपतो त्याच्या जरा खाली.

"रोज दिवेलागणीला मी इथे हात लावायची. इथे खरखर होती. चटई उसवल्यासारखी. आता बघा."

गुळगुळीत होतं. सगळीकडे सारखं.

"घरातलं सोनं आहे, टीव्ही आहे. कशाला हात लावला नाही." त्यांनी बटण दाबलं. संध्याकाळच्या खोलीत रंगीत उजेड पसरला. वनमालाबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या, मग मान हलवून मालवणीत म्हणाल्या,

"हो माझ्या चेडवाचो दिवो नाय. त्यात ती असायची. ह्यात कोण नाय."

उत्तराला वाटलं, हे दुःख बोलतंय. मग तिने एक साधा प्रश्न विचारला, वर्षश्राद्धाला कोण कोण आलं होतं आणि दिव्याबद्दल काही बोलणं झालं का.

"झालं ना," वनमालाबाई म्हणाल्या. "सगळे गेल्यावर तिच्या गाळ्यातलेच तिघं उरले होते, सर्वेश, धवल, रेवती. सर्वेश म्हणाला, काकी, त्या दिवशी माइक चालू होता. स्वरदाचा आवाज ह्या दिव्यात आहे."

२

मुलुंड पश्चिमेच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर स्वरदाचा गाळा होता. दारावर अजून तिचंच नाव. आत वितळलेल्या प्लास्टिकचा मंद, गोडसर वास. छताला दिवे टांगलेले, एकासारखा दुसरा नाही. सगळे बंद होते. दिवसासुद्धा ते बंद दिवे आपल्याकडे पाठ करून उभे असल्यासारखे वाटत होते.

सर्वेश मशीन सांभाळायचा. स्वरदाशी त्याचं लग्न ठरलेलं होतं. आता तो हळू बोलायचा, जणू कोणी झोपलंय.

"लोकांच्या घरातलं टाकाऊ प्लास्टिक आणायचं, धुवायचं, चुरा करायचा. हे वर नरसाळं दिसतंय ना, त्यात ओतायचं. मशीन तो वितळवतं आणि चकली पाडावी तसा एक धागा गोल गोल चढवत नेतं. तळापासून टोकापर्यंत एकच धागा. आकार कॉम्प्युटरवर स्वरदा काढायची."

"आणि माइक?"

"ती तिची कल्पना. मशीन चालू असताना आजूबाजूला आवाज झाला की धागा थोडा बाहेर सरकतो. आवाज मोठा, तर जास्त. शांतता असेल तर सरळ. गिऱ्हाइकाच्या घरी मशीन नेऊन ती त्यांच्या गप्पांत दिवा बनवायची. कुकरच्या शिट्ट्या, पोरांची भांडणं, सगळं दिव्यावर उमटायचं. म्हणून दोन दिवे सारखे होतच नाहीत." तो थांबला. "शब्द कळत नाहीत हां. फक्त केव्हा किती आवाज होता, ते."

"त्या दिवशीचा दिवा तुम्ही नीट बघितला होता?"

"नाही. मला बघवेना. काकींकडे नेऊन ठेवला. माइक चालू होता हेही मला अलीकडे मशीनची सेटिंग तपासताना कळलं. वाटलं, काकींना बरं वाटेल."

तो रविवार होता. इस्टेट बंद. सर्वेश गावी कणकवलीला. स्वरदा एकटीच काम करत होती. पोटमाळ्याच्या शिडीवरून ती पडली, डोक्याला मार लागला. काम वाढलं की ती रात्री तिथेच झोपायची, म्हणून कोणी शोधलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा उघडला तेव्हा सापडली. पोलिसांनी अपघात म्हटलं.

"मशीनमधला चुरा संपला तर काय होतं?" उत्तराने विचारलं.

"मशीन थांबतं आणि आमच्या फोनवर मेसेज येतो. माझ्या, धवलच्या, रेवतीच्या. दिवा पूर्ण झाला तरी येतो. त्या संध्याकाळी पूर्ण झाल्याचा आला. मी ग्रुपवर झकास म्हणून टाकलं." सर्वेशने तोंड फिरवलं. "ती तिथे पडलेली, आणि मी झकास म्हणतोय."

उत्तरा खाली आली तेव्हा फाटकावरचा वॉचमन राजाराम तिची वाट बघत होता.

"मॅडम, तुम्ही त्या गाळ्यासाठी आलात ना? मग ऐका. मागच्या रविवारी इस्टेट बंद. गाळ्याचं शटर बंद. मी स्वतः वर जाऊन कान लावला." त्याने आवाज खाली आणला. "आत मशीन चालू होतं. मी हाक मारली तर थांबलं."

३

धवल छेडा स्वरदाच्या धंद्यातला भागीदार. त्याची गाठ कॉफीच्या दुकानात पडली. तो सारखा घड्याळ बघत होता.

"मला डिझाइनमधलं काही समजत नाही. मी गिऱ्हाईक आणतो. त्या रविवारी मी घाटकोपरला होतो, बहिणीच्या मुलाचं बारसं. दिवसभर. फोटो आहेत, बघा." त्याने फोन पुढे केला. खरंच होते. "काकींकडे मी श्राद्धानंतर गेलेलो नाही. जायला पाहिजे. पण तो फोटो, तो दिवा... मला तिथे बसवत नाही."

"दिव्याचा वरचा भाग पारदर्शक का आहे?"

"एका हॉटेलची ऑर्डर होती. त्यांना पारदर्शकच दिवे हवे होते. रेवती म्हणाली, मी माल आणते. आणि तिने आणला, एकदम क्लीन. मी विचारलं नाही कुठून."

रेवती गाळ्यावरच भेटली. कॉलेजपासूनची स्वरदाची मैत्रीण. सोसायट्यांतून प्लास्टिक गोळा करणं, निवडणं, धुणं तिच्याकडे. दिवे काढायलाही ती स्वरदाबरोबरच शिकली होती. आता दर शनिवारी वनमालाबाईंकडे जायची, मासे घेऊन जायची, त्यांची औषधं भरून ठेवायची. स्वरदाचं नाव निघताच तिचे डोळे भरले.

"त्या दिवशी दुपारी मी निघाले. आईला बरं नव्हतं, वाकोल्याला घरी गेले. थांबले असते तर..." तिने ओढणीने डोळे पुसले. "तो दिवा बघितलात? वर वर जाताना रंग जातो. काकी म्हणतात, जशी ती विरघळत गेली."

"ते पारदर्शक कुठून आलं?"

"हॉटेलातले पार्सलचे डबे. धुऊन मीच सकाळी चुरा करून ठेवला होता. तिनेच ओतला असणार."

उत्तराने मान डोलावली आणि जाता जाता सहज बोलल्यासारखं म्हणाली, "काकींना काही केल्या पटत नाही. म्हणतात, जुन्या दिव्यावर एका जागी खरखर होती, ह्यावर नाही. तेवढी असती तर त्यांनी विश्वास ठेवला असता."

हेच वाक्य तिने धवललाही ऐकवलं होतं. त्या संध्याकाळी सर्वेशलाही ऐकवलं.

मग ती वनमालाबाईंकडे गेली. "काकी, जुन्या दिव्याचा एखादा फोटो आहे का?"

वनमालाबाईंनी फोन दिला. "एखादा? अगं, रोज दिवा लावला की फोटो काढते मी. स्टेटसला ठेवते. लोकांना कंटाळा आला असेल."

उत्तराने एक फोटो मोठा केला. मग आणखी मोठा. तिचा हात थांबला. दिव्यावर नुसती खरखर नव्हती. तिला क्रम होता.

४

दुसऱ्या दिवशी तिने सर्वेशला वनमालाबाईंच्या घरी बोलावलं. तिघं मेजाभोवती बसली. लॅपटॉपवर दिव्याचा पेटलेला फोटो, भला मोठा. आतून उजेड असल्याने धाग्याचा थर न् थर दिसत होता.

"खालून वर वाचा," उत्तरा म्हणाली. "आम्हाला समजेल असं सांगा."

सर्वेशने चष्मा लावला. "इथे सरळ आहे. ती एकटी काम करतेय. मधेच बारीक लाटा... गुणगुणत असेल. तिला सवय होती." तो किंचित हसला. मग त्याचं बोट वर सरकलं आणि हसू गेलं. "इथे मोठा आवाज आहे. बराच वेळ. वर-खाली. हे एकटं माणूस नाही. हे भांडण आहे."

वनमालाबाईंनी मेजाची कड धरली.

"इथे एकदम एक धागा बाहेर आलाय. धाडकन काहीतरी. आणि मग शांत." सर्वेशच्या कपाळावर घाम होता. "ती पडली ती इथे."

"पुढे वाचा."

"पुढे शांत आहे... नाही. थांबा. बारीक फुगवटे आहेत. एक, मग थोडी शांतता, मग एक. पुन्हा एक." तो उत्तराकडे बघू लागला. "हे काय आहे?"

वनमालाबाईच शेवटी बोलल्या, अगदी सरळ आवाजात.

"हाका मारतेय ती."

रोज संध्याकाळी त्यांचं बोट नेमकं तिथेच पडायचं. सर्वेशने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"आणि आता हे बघा," उत्तरा म्हणाली. "रंग कुठे संपतो?"

सर्वेशने मान वर केली. ठिपके संपत होते, स्वच्छ पारदर्शक भाग सुरू होत होता, आणि ते बारीक फुगवटे त्या पारदर्शक भागातही दिसत होते. थोडे. मग लहान होत गेलेले. मग टोकापर्यंत काही नाही.

"ती पडल्यावर रंग बदललाय," सर्वेश पुटपुटला. "म्हणजे ती पडल्यावर नरसाळ्यात कोणीतरी माल ओतलाय."

"ती हाका मारत असताना," उत्तरा म्हणाली.

५

रविवारी दुपारी, उत्तराने सांगून ठेवल्याप्रमाणे, राजारामचा फोन आला. "मॅडम, चालू आहे."

उत्तरा, सर्वेश, धवल आणि वनमालाबाई इस्टेटच्या जिन्यात उभे होते. वनमालाबाईंना येऊ नका म्हटलं होतं. त्या आल्या होत्या. बंद शटरच्या पलीकडून मशीनची घरघर येत होती, एकसुरी, एखाद्या आजारी माणसाच्या श्वासासारखी. धवलने मनातल्या मनात कसलंसं स्तोत्र सुरू केलं होतं, त्याचे ओठ हलत होते.

"कोण आहे आत?" सर्वेशने दबक्या आवाजात विचारलं.

"तुम्हीच सांगा," उत्तरा म्हणाली. "जो कोणी त्या दिवशी इथे होता, त्याने मशीनमध्ये माल का भरला? जखमी माणूस समोर पडलंय, आणि हा दिवा पूर्ण करतोय?"

"मेसेज," सर्वेश म्हणाला आणि जागीच थिजला. "माल संपला असता तर मशीन थांबलं असतं. आम्हाला मेसेज आला असता. मी स्वरदाला फोन केला असता, तिने उचलला नसता, तर राजारामला वर पाठवला असता."

"बरोबर. म्हणजे त्याला मेसेजचं माहीत होतं. तुम्ही तिघंच. दिवा बदलला कधी? माइकचं बोलणं झाल्यावर. ते ऐकणारेही तुम्ही तिघंच. धवल त्या दिवशी बारशाला होते, आणि काकींच्या घरी श्राद्धानंतर पाऊल टाकलेलं नाही. सर्वेश, तुम्ही दिवा स्वतः नेऊन दिलात, माइकचं स्वतः सांगितलंत. लपवायचं असतं तर गप्प बसला असता. आणि नकली दिवा तुम्ही केला असता तर आवाजाच्या लाटा कशा आणायच्या हे तुम्हाला येतं. करणाऱ्याला आकार काढता येत होता, आवाजाचा भाग नाही. म्हणून तो गुळगुळीत आला."

धवलचे ओठ थांबले.

"आणखी एक. पार्सलचे डबे धुतले तरी त्यांचा चुरा कसा दिसतो?"

"पिवळट," सर्वेश म्हणाला. "कितीही धुवा. इतकं स्वच्छ फक्त नवा दाणा असतो. कारखान्यातून आलेला." त्याने डोळे मिटले. "आम्ही नवं प्लास्टिक गाळ्यात येऊ देत नव्हतो. स्वरदाने तसं झालं असतं तर जीव घेतला असता कोणाचा."

त्याने स्वतःच काय म्हटलं ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने शटर वर ढकललं.

मशीन चालू होतं. दिवा अर्ध्याहून वर आला होता. गाळ्यात कोणी नव्हतं. छताचे दिवे मात्र सगळे लावलेले होते, आणि त्यांच्या लाटालाटांच्या सावल्या भिंतींवर, फरशीवर, माणसांच्या अंगावर पसरल्या होत्या. धवल दारातच राहिला.

"रेवती," वनमालाबाईंनी हाक मारली. रागाने नाही. घरी जेवायला बोलवावं तशी. "खाली ये गं."

पोटमाळ्यावर हालचाल झाली. रेवती शिडीच्या तोंडाशी आली. तिने दोन्ही हातांत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं. तिला शिडी उतरता येईना. सर्वेशही पुढे होईना. शेवटी उत्तराने वर जाऊन तिच्या हातातलं घेतलं आणि तिला धरून उतरवलं.

चादरीत स्वरदाचा दिवा होता.

६

"मी तोडायला घेतला होता," रेवती म्हणाली. ती मशीनच्या शेजारी फरशीवर बसली होती. "काकी बाजारात गेल्या तेव्हा बदलून आणला. चुऱ्याच्या मशीनपर्यंत नेला. नाही टाकता आला. मग काकी म्हणाल्या, खरखर नाही. म्हटलं, ह्याच्यावरून बघून तसाच दुसरा करू. गरम सळईने खरखर काढू. मेसेज जाऊ नये म्हणून दोन्ही वेळा मशीनचं नेट आधीच बंद केलं. काकींना त्यांचा दिवा मिळेल. हा कुठेतरी लांब नेऊन ठेवेन."

"त्या दिवशी काय झालं?" उत्तराने विचारलं.

"हॉटेलला पारदर्शक दिवे हवे होते. तसलं टाकाऊ प्लास्टिक मिळेचना. धवल रोज विचारायचा. मी नवा दाणा आणला आणि वर लपवला. एकदाच म्हणून. तिला गोणी दिसली. ती शिडीवर होती. म्हणाली, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना फोन करते. मी फोन घ्यायला गेले. तिचा हात ओढला." रेवतीने स्वतःच्या हाताकडे बघितलं. "मला ती पडायला नको होती. देवाशपथ."

"आणि पडल्यावर?"

"मी राजारामला बोलवायला निघाले होते. शटरपर्यंत गेले. मग वाटलं, शुद्धीवर आली की हिने सांगितलं तर? पाच मिनिटं विचार करू. तेवढ्यात मशीनचा लाल दिवा लुकलुकायला लागला, माल संपत आल्याचा. आता सर्वेशला मेसेज जाणार. माझ्या हाताशी तीच फोडलेली गोणी होती. मी ओतली." ती रडत नव्हती. "एकदा ओतल्यावर मग जाताच येईना. मी मशीनच्या मागे बसून राहिले. मागच्या जिन्याने गेले तेव्हा सगळं शांत झालं होतं."

सर्वेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याने मशीन बंद केलं. घरघर थांबली तशी ती शांतता सगळ्यांच्या अंगावर आली.

वनमालाबाई रेवतीसमोर खाली बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी बसल्या.

"काय म्हणत होती ती?"

रेवतीने मान हलवली.

"वर्षभर त्या जागेवर बोट ठेवून मी विचारतेय. सांग. आई म्हणत होती? पाणी मागत होती?"

"नाही, काकी."

"मग?"

"माझं नाव." रेवतीचा आवाज आता फुटला. "रेवती, रेवती. मी मागे बसलेय हे तिला दिसत नव्हतं. तिला वाटलं मी कोणाला तरी आणायला गेलेय. मधेच म्हणाली, पळू नको गं, जिन्यात पडशील."

उत्तरा इतक्या वर्षांत खूप घरांत जाऊन आली होती. तिला तिथे उभं राहवेना. ती बाहेर गॅलरीत गेली आणि तिने पोलीस ठाण्याला फोन लावला.

पोलीस आले. दिवा पुरावा म्हणून त्यांनी मागितला तेव्हा वनमालाबाईंनी तो स्वतः चादरीसकट त्यांच्या हातात दिला. इन्स्पेक्टर म्हणाले, केस संपल्यावर परत मिळेल. रेवतीला घेऊन गाडी फाटकाबाहेर गेली. धवल तिथेच एका पेटीवर बसून राहिला, आणि सर्वेश एक एक करून छताचे दिवे बंद करू लागला.

"चला काकी, तुम्हाला घरी सोडते," उत्तरा म्हणाली.

वनमालाबाई जिन्यात थांबल्या. "तिच्या आवशीक कोण सांगतला?"

"रेवतीच्या आईला पोलीस कळवतील."

"फोनवर?" त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. "मला फोनवरच कळलं होतं. भाजी चिरत होते." त्या पायऱ्या उतरू लागल्या. "वाकोला कसा जायचा, तां बघ."

वाकोल्याच्या गल्लीत रिक्षा आत जाईना, म्हणून पुढे चालत गेल्या. तिसऱ्या मजल्यावरचं दार एका बारीक, आजारी दिसणाऱ्या बाईने उघडलं. हात पिठाने माखलेले होते.

"अगोबाई, स्वरदाची आई! या ना, आत या. रेवती अजून आली नाही, कामावर आहे. आज रविवार तरी बघा. येईलच आता. चहा टाकते."

"चहा नको," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांनी त्या बाईचे पिठाचे हात आपल्या हातात घेतले आणि तिला पलंगावर बसवलं. मग स्वतः शेजारी बसल्या, अगदी जवळ, खांद्याला खांदा लागेल अशा.

"ऐका," त्या म्हणाल्या. "मी आहे इथे. मी कुठे जात नाही."